सोनटक्क्याचा कौल

एका गावात एक भोळा गडी होता. धाकू त्याचं नाव. त्याची बायको द्वारका जवळपास असली की गाव त्याला भोळा म्हणे. ती विहिरीवर गेली की दुसरा शब्द वापरे.

धाकूचा दोष एकच. सांगितलेलं तो ऐकायचा. आपण सगळे सांगितलेलं निम्मं ऐकतो, उरलेलं सोयीने समजून घेतो, म्हणून आपलं बरं चालतं. धाकू पुरं ऐकायचा. वाण्याने एकदा त्याला सांगितलं, "दुकानार लक्ष ठेव." धाकू समोरच्या पारावर बसून दुकानाकडे टक लावून बघत राहिला. एक बैल आत शिरला, गूळ खाऊन बाहेर आला. धाकूने तोही नीट लक्ष देऊन पाहिला.

असा हा धाकू पावणाईच्या देवळात झाडलोट करायचा, पाणी भरायचा. देवळामागे देवीची बाग. बागेच्या कोपऱ्यात एक खोली. तिथे धाकू आणि द्वारका राहायचे. त्यांना जगात तेवढीच एक खोली होती.

भाऊसाहेब हे देवस्थान कमिटीचे अध्यक्ष. गेल्या वर्षी त्यांनी बागेचं सुशोभीकरण केलं. सुशोभीकरण म्हणजे असलेलं सगळं काढून टाकायचं आणि सिमेंटची बाकं मांडायची. बाकांवर आपलं नाव घालायचं. बकुळ गेली, आंबे गेले, पाटाकडेचा सोनटक्काही मुळासकट गेला. राहिला एक फणस. तो दयेने राहिला असं कोणी समजू नये. तोडायला आलेल्यांना त्याच्यावरच्या तांबड्या मुंग्या डसल्या आणि ते करवत टाकून पळाले, म्हणून राहिला.

बाकांवर कोणी बसेना, कारण डोक्यावर सावली नव्हती. मग भाऊसाहेबांच्या मनात आलं, इथे मोठा सभामंडप बांधावा. बांधणार कोण तेही ठरलं होतं. भाऊसाहेबांचे मेहुणे.

गाव म्हणालं, "आई पावणाईच्या बागेत कुदळ मारूची तर आधी तिका विचारूक व्हया."

आता देवीला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. सोनटक्क्याच्या दोन कळ्या पाण्यात भिजवायच्या. एक देवीच्या उजव्या खांद्याला चिकटवायची, एक डाव्या. मग गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर देवी हो म्हणाली. डावी पडली तर नाही म्हणाली. पण कळ्या देवीच्याच बागेतल्या हव्यात. विकतच्या चालत नाहीत. आणि देवीच्या बागेतला सोनटक्का तर भाऊसाहेबांनीच उपटलेला. म्हणजे बाग मोडायची तर आधी बाग लावणं आलं.

भाऊसाहेबांनी धाकूला बोलावलं. "धाकू, भाद्रपदातल्या कौलाला सोनटक्का फुललेला पाहिजे. नाही फुलला, तर खोली खाली कर."

द्वारका दारात उभी होती. तिने विचारलं, "आणि फुललो तर?"

"फुलला तर कौल होईल. कौल झाला की मंडप. आणि तुमची खोली मंडपातच येते."

"म्हणजे फुललो तरी गाठोडा, नाय फुललो तरी गाठोडा."

"विकास म्हटला की थोडं सोसावं लागतं, द्वारकाबाई," भाऊसाहेब म्हणाले. विकास त्यांचा होता आणि सोसणं द्वारकेचं होतं, त्यामुळे त्यांना ते सहज म्हणता आलं.

द्वारकेने रात्रभर विचार केला. वाट एकच होती. फुलं आली पाहिजेत आणि देवीने नाही म्हटलं पाहिजे. देवीचं देवी बघेल. फुलं धाकूच्या हातात होती. म्हणून द्वारकेला झोप आली नाही.

भाऊसाहेबांनी कुठूनसे सोनटक्क्याचे गड्डे आणले. आल्यासारखे दिसणारे. ते धाकूच्या हातात देत म्हणाले, "याला सावली लागते. सावलीतच ठेव. ऊन लागलं तर याद राख."

बागेत सावली फणसाची. सकाळी ती देवळाच्या बाजूला पडली होती. धाकूने तिथे खड्डे काढून गड्डे लावले आणि राखणीला बसला. जरा वेळाने बघतो तर सावली सरकली. गड्डे उन्हात. धाकूने ते उपटले आणि सावलीत नेऊन लावले. सावली पुन्हा सरकली. धाकू पुन्हा मागे. दुपारभर सावली पुढे आणि धाकू मागे. संध्याकाळी सावली बागेच्या दगडी गडग्यावरून पलीकडे सोमा गुरवाच्या अंगणात उतरली, तसा धाकूही उतरला.

सोमा गुरव देवीचा पुजारी. वय झालेलं, दिसायला कमी. घरी येतो तर तुळशीपाशी कोणीतरी खणतंय.

"कोण रे तो? माज्या खळ्यात काय करतंस?"

"मी धाकू. सोनटक्को लावतंय."

"हय, तुळशीकडे?"

"हय नाय. सावली आता तुज्या घरात शिरतली. जरा दार उघड."

सोमाने दार उघडलं नाही. द्वारकेला हाक मारली. ती आली, तिने गड्डे पदरात गोळा केले, बागेत नेले आणि फणसाच्या बुंध्याजवळ, जिथे फांद्या दाट होत्या, तिथे स्वतः लावले. मग धाकूला समोर बसवून म्हणाली, "अवो, एकदा बसवला की मूळ धरीपर्यंत हलवूचा नाय. कोणी कितीय सांगूदेत. बुडात माती लावूची, पाणी घालूचा आणि दाबून ठेवूचा. ह्याची खूणगाठ बांधा."

धाकूने खांद्यावरचा पंचा काढला आणि त्याच्या टोकाला एक गाठ बांधली.

पाऊस लागला. गड्ड्यांना कोंब फुटले. भाऊसाहेब बघायला आले. प्लॅस्टिकची खुर्ची फणसाखाली मागवून बसले. जमीन भिजलेली, खुर्चीचे पाय आत गेले. आणि भाऊसाहेबांना करवतवाल्यांची आठवण व्हायच्या आतच फणसावरच्या मुंग्या त्यांच्या कॉलरमधून खाली निघाल्या.

"धाकू! अरे उठव मला! हात दे, हात!"

धाकू धावत आला. हात पुढे केला. तेवढ्यात पंच्याची गाठ हाताला लागली. एकदा बसवला की हलवायचा नाही. धाकूने भाऊसाहेबांचे दोन्ही खांदे धरले आणि त्यांना खाली दाबलं.

"बसा, भाऊसायब. अजून मूळ धरूक नाय."

"अरे गाढवा, सोड मला!"

कोणी कितीही सांगो, असं द्वारकेने आधीच बजावलं होतं. धाकूला बायकोच्या हुशारीचं कौतुक वाटलं. त्याने भाऊसाहेबांच्या पायांवर घोट्यापर्यंत माती ओढली, पायाने चोपली आणि वरून कळशीभर पाणी घातलं. भाऊसाहेब उठले तेव्हा एक चप्पल जमिनीत राहिली. ती रुजली नाही.

द्वारकेने कपाळाला हात लावला. "अवो, तो माणूस! माणसाच्या आंगार कायव चढताना दिसला तर आधी झटकूचा. इचारीत बसूचा नाय."

धाकूने पंच्याला दुसरी गाठ बांधली.

सोनटक्का गुडघ्याएवढा झाला. हळदीसारखी पानं, हिरवीगार. लावला द्वारकेने, राखला धाकूने, म्हणून सत्कार भाऊसाहेबांचा ठरला. पावसाची उघडीप बघून बागेत पाहुण्यांपुरता मांडव घातला. तालुक्याहून पाहुणे आले, वर्तमानपत्राचा फोटोवाला आला. भाऊसाहेबांनी पर्यावरणावर भाषण केलं. झाडाची माया, झाडाची छाया असं बरंच काही बोलले. ऐकणारे सिमेंटच्या बाकांवर उन्हात बसले होते, त्यांनी घाम पुसत टाळ्या वाजवल्या.

धाकू मागे झाडू घेऊन उभा होता. पाहुण्यांनी भाऊसाहेबांच्या खांद्यावर शाल चढवली. मग गळ्यात हार चढला. मग डोक्यावर फेटा चढायला लागला. धाकूचा हात गाठीकडे गेला. विचारत बसायचं नाही. त्याने उडी मारून झाडू चालवला.

फेटा पाहुण्यांच्या मांडीवर गेला. हार माइकला लागला. शाल उडून समईवर पडली, ती लोकांनी पाणी ओतून विझवली. चष्माही गेला. तो भाऊसाहेबांचा स्वतःचा, घरून घालून आलेला, पण घाईत कोण बघतो? दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. भाऊसाहेब डोकं धरून वाकलेले, वर झाडू, आणि खाली लिहिलेलं, 'वृक्षमित्राचा भव्य सत्कार'.

भाऊसाहेबांनी खोली त्याच दिवशी खाली करून घेतली असती. पण सोनटक्का अजून फुलायचा होता आणि दुसरा कोणी त्या मुंग्यांखाली काम करायला तयार नव्हता.

"अवो," द्वारका म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज रडवेला झाला होता, "मोठ्या माणसाच्या आंगार घालतत तो त्येचो मान. तो काढूचो नाय. उलट आपल्या हातात जा आसात ता आपणय मायेन घालूचा. आता तरी ध्यानात ठेवा. आपली खोली जायत हो!"

धाकूला खोली जाण्याचं फार वाईट वाटलं. त्याने तिसरी गाठ घट्ट बांधली.

सोनटक्का कमरेच्या वर गेला. द्वारका म्हणाली होती, आता शेणखत घाला. धाकू टोपली भरून निघाला. शेण आणि पाला चांगला मुरलेला, मऊ, थोडा ओलसर. बागेत येतो तर समोर भाऊसाहेबांचे मेहुणे. पांढरी पँट, पांढरा शर्ट, हातात मापाची टेप. कौल व्हायचा होता तरी मंडपाची मापं चालली होती. देवीचं उत्तर मेहुण्यांना आधीच ठाऊक असावं. एका हाताने टेप धरून ते फोनवर कोणाशी तरी बोलत होते.

मोठा माणूस तर होताच. आणि धाकूच्या हातात टोपली होती. पण मागचं सगळं आठवून धाकूने शहाणपणा केला. जवळ जाऊन हळूच, तोंडातल्या तोंडात विचारलं, "घालू काय?"

"हां, हां, घाल," मेहुणे फोनमध्ये म्हणाले. "एवढंसं काय घालतोस? सगळं घालून टाक."

धाकूने सगळं घातलं. डोक्यावरून सुरुवात केली. जे खाली पडलं ते उचलून पुन्हा घातलं आणि कॉलरच्या आत मायेने दाबलं. मेहुण्यांचा फोन खतातून बोलत राहिला, "हॅलो, हॅलो." महिनाभराने मेहुण्यांना पाहिलेले लोक म्हणतात की ते अंगाने बरे भरले होते. खरं-खोटं देवीला ठाऊक.

द्वारकेने हे ऐकलं आणि ती हसायला लागली. हसता हसता रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "इचारलात ता बरा केलात. पण तोंडातल्या तोंडात पुटपुटूचा नाय. काय सांगूचा, काय इचारूचा ता मोठ्यान. शेवटच्या माणसाक ऐकाक जायत असा."

चौथी गाठ. पंच्याने आता अंग पुसता येत नव्हतं, पण तो ज्ञानाने भरला होता.

भाद्रपद आला आणि सोनटक्का फुलला. धाकूच्या डोक्याच्या वर गेलेले दांडे, त्यांच्या टोकांना पांढरी शुभ्र फुलं. बाकांचं सिमेंट, बाकांवरचं नाव, सगळं त्या वासापुढे फिकं पडलं. बाया वाट वाकडी करून बागेत यायला लागल्या. मुंग्या चुकवून फणसाच्या सावलीत टेकायला लागल्या. द्वारका उंबऱ्यात बसून बघत राहायची. तिच्या आणि धाकूच्या हातून इतकं देखणं आजवर काही झालं नव्हतं, आणि तेच त्यांना घराबाहेर काढणार होतं. तिने एक फूल देवीला वाहिलं आणि म्हणाली, "आई, डावी पाड गे."

कौलाच्या दिवशी सकाळी भाऊसाहेबांनी धाकूला फणसाआड गाठलं. इकडे तिकडे पाहिलं. हळूच म्हणाले, "कळ्या तूच काढून देणार ना? मग ऐक. डाव्या कळीला मागून फणसाचा चीक लाव. चांगला लाव. ती पडता कामा नये. उजवी आपोआप पडेल. आणि हे गावातल्या एकाही माणसाला सांगायचं नाही. बायकोलासुद्धा नाही. कळलं?"

"व्हय," धाकू म्हणाला.

भाऊसाहेब सोवळं नेसायला गेले. धाकूने कोयत्याने फणसाला टोचा मारला, पानावर चीक धरला, दोन द्रोणांत दोन कळ्या ठेवल्या आणि डावी उचलायला गेला. मग थांबला. देवीकडे तोंड करून उभा राहिला, तेव्हा डावी या बाजूला होती. देवीसारखा पाठ फिरवून उभा राहिला, तर डावी त्या बाजूला. पुन्हा फिरला. पुन्हा तेच. विचारावं तर भाऊसाहेब नाहीत. दुसऱ्याला विचारावं तर एकाही माणसाला सांगायचं नाही. देवळात ढोल वाजायला लागला. धाकूने दोन्ही कळ्यांना चीक लावला. चांगला लावला.

सगळं गाव देवळात जमलं, तालुक्याचे पाहुणेही आले. सोमा गुरवाने कळ्या देवीच्या खांद्यांना लावल्या. बोटं धोतराला पुसली. पुन्हा पुसली. मग हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाण्याची रीत अशी, की गुरवाने एक वाक्य म्हणायचं आणि गावाने 'व्हय म्हाराजा' म्हणून त्याला दुजोरा द्यायचा. भाऊसाहेब सगळ्यांच्या पुढे उभे. डोळे मिटलेले, हात जोडलेले. व्हय म्हाराजा म्हणण्यात त्यांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. इतकी वर्षं म्हणत आले होते, की आता तोंड आपोआप म्हणायचं, त्यांना ऐकावंही लागत नसे.

"बा गे आई पावणाई!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुजी लेकरां तुज्या पायाकडे गोळा झाली आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"तुज्या बागेत मंडप बांधूचो की नाय, ता तुज्या तोंडान सांग!"

"व्हय म्हाराजा!"

सगळे कळ्यांकडे बघत राहिले. उजवी हलेना. डावीही हलेना. सोमाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. कळ्या जागच्या जागी. ढोलवाल्याचे हात दुखले. समईत तेल दोनदा घालून झालं. पोरं प्रसादासाठी रडायला लागली. द्वारका खांबाला धरून उभी होती. असं कधी झालं नव्हतं. कोणीतरी म्हणालं, "आई रागावली."

सोमा गुरव घाबरला. तो गावाकडे वळून ओरडला, "कोणाच्या हातून काय चूक झाली आसात, तर ती आईच्या पुढ्यात सांगा! हयच सांगा!"

धाकू विचारात पडला. चूक तर त्याच्या हातून झाली होती. सांगितलेला चीक एका कळीचा, आणि त्याने दुप्पट खर्च केला. पण एकाही माणसाला सांगायचं नव्हतं. त्याने देवीकडे पाहिलं. देवी काही माणूस नव्हती. अडचण सुटली. आणि सांगायचं कसं, ते चौथ्या गाठीत होतं.

धाकू पुढे आला, देवीसमोर हात जोडून उभा राहिला आणि शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बा गे आई पावणाई!"

"व्हय म्हाराजा!" गाव सवयीने म्हणालं.

"भाऊसायबांनी माका सांगला, डाव्या कळयेक फणसाचो चीक लाव!"

"व्हय म्हाराजा!"

"म्हणजे डावी पडाची नाय, उजवी पडात!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी आवाज कमी झाला होता. पुष्कळ तोंडं उघडी राहिली होती. फक्त एक आवाज पहिल्यासारखाच खणखणीत होता. भाऊसाहेबांचे डोळे अजून मिटलेले होते.

"पण कोणाची डावी ता त्यांनी सांगूक नाय! म्हणान मी दोनय कळयांक लायलंय! चीक फुकट गेलो, आई, माफी कर!"

"व्हय म्हाराजा!" भाऊसाहेब एकटेच म्हणाले.

धाकूला वाटलं, आता आलोच आहोत तर आपलंही सांगून घ्यावं.

"आणि आई, बाग आसा तशी ऱ्हवांदे! आमची खोलीय ऱ्हवांदे!"

या वेळी मात्र सगळं देऊळ दणाणलं. "व्हय म्हाराजा!" बाया म्हणाल्या, पोरं म्हणाली, तालुक्याहून आलेले पाहुणे म्हणाले. त्या आवाजाने भाऊसाहेब जागे झाले. डोळे उघडले, तर सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं.

"काय? काय झालं? हा मूर्ख काय बोलला?"

"जा काय बोललो," सोमा गुरव म्हणाला, "त्येका तुमीच सगळ्यात मोठ्यान व्हय म्हटलात. आईच्या पुढ्यात एकदा व्हय म्हटला की ता फिरवूक येणा नाय, भाऊसायब."

द्वारका खांबापाशी खाली बसली आणि पदरात तोंड घालून हसली. भाऊसाहेब गर्दीतून वाट काढत दाराकडे निघाले. मेहुणे आधीच गेले होते. पण धाकूच्या मनाला अजून एक गोष्ट टोचत होती, आणि पुढच्या वेळी पुन्हा घोटाळा नको म्हणून तो त्यांच्या मागे धावला.

"भाऊसायब!" तो ओरडला, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा. "आता तरी सांगा! तुमची डावी की आईची डावी?"